आधी चावी, मग मोटार

आकृत्या काढायच्या त्या सॉफ्टवेअरची जाहिरातच अशी होती की ते सगळीकडं चालतं. विंडोजवर चालतं, फुकटच्या सिस्टीमवर चालतं, फोनवर चालतं. चालतं म्हणजे उघडतं, एवढंच. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. ऑफिसात काढलेला चौकोन घरी येईपर्यंत फुगायचा, बाण आपली जागा सोडून भलत्याच चौकोनाकडं तोंड करून बसायचा. आणि मराठी अक्षरांचं तर विचारूच नका. 'टाकी'ची वेलांटी एकदा पार कागदाच्या कडेला जाऊन पडली होती.

माझी नोकरीच त्या चौकोनांवर होती. शेंद्र्याकडच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होते, कंत्राटावर. माल कुठून येतो, कोण तपासतो, नापास झाला तर कुठं जातो, याच्या आकृत्या काढायच्या. ऑडिटवाले यायचे असले की त्या भिंतीवर लावायच्या. ते गेले की कुत्रं त्यांच्याकडं बघत नसे.

तेव्हा बिडकीनला कंपनीचा नवा प्लांट उभा राहत होता. शेंद्र्याचा हळूहळू बंद होणार आणि निवडक माणसं तिकडं जाणार, तीही कायम होऊन, असं सगळे बोलत होते. मला त्या निवडकांत जायचं होतं. कंत्राटाला मी विटले होते. दर वर्षी कागदावर सही झाली की श्वास सोडायचा, आणि दिवाळी झाली की पुन्हा धरायचा.

आडवं येत होतं पाणी. ओळीनं पावसाळे कोरडे गेलेले. शहर मात्र थांबायला तयार नाही. मुकुंदवाडीत आमच्या घरामागं ज्वारी असायची, तिथं प्लॉटिंगचे दगड लागले, मग घरं झाली. नळाची लाइन तीच, पाणी होतं त्याहून कमी, पिणारी तोंडं दुप्पट. आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही भरदुपारी. गल्लीत "पाणी आलं वं!" अशी बोंब उठली की मोटार लावून ओढून घ्यायचं. नाही घेतलं तर पुढचा आठवडा टँकरच्या मागं पळा. नवरा शिफ्टला, वरचे भाडेकरू कामाला. मग पाण्याच्या अंदाजानं सुट्टी कुणी काढायची? सुनेनं!

"मॅडम, तुमच्या घरी नळाला लग्नघटिका लागते का?" मॅनेजर एकदा चारचौघांत म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. मग केबिनमध्ये बोलावून त्यांनी न हसता सांगितलं, "बिडकीनला असं चालणार नाही. बघा काहीतरी."

बघायचं म्हणजे एकच माणूस दिवसभर घरी होतं. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. फुलंब्रीच्या बाजूचं त्यांचं गाव, जन्म सगळा मेंढरांमागं गेलेला. चारा-पाणी संपल्यावर कळप विकला आणि त्या आमच्याकडं आल्या. घरात नळ असलेलं त्यांचं आयुष्यातलं हे पहिलंच घर. मोटारीला त्या विंचवासारख्या बिचकायच्या.

"मला नाय बाई जमायचं. लई भ्या वाटतं तिचं," त्या म्हणायच्या.

"आत्याबाई, लहान लेकराला जमेल असं चित्र काढून देते."

त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून चित्र. काम सोपं होतं. एक मोटार, दोन टाक्या, एक आमची नि एक भाडेकरूंची. दोन्हींच्या पाइपांवर एकेक व्हॉल्व, आणि दोन्ही एरवी बंद. पाणी आलं की आधी आमचा उघडायचा, मग मोटारीचं बटन दाबायचं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी आकृती काढली. सॉफ्टवेअरात व्हॉल्वची खूण तयारच असते, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून. घरी येऊन दिरानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर उघडली. अक्षरं फुटली होती, पण खुणा शाबूत होत्या.

आत्याबाईंनी चष्मा लावून बघितलं. "हे डमरू कशापायी?"

"तो व्हॉल्व आहे."

"आन् ह्याच्यात मी कुठं हाय?"

मी हसले. म्हटलं, चला, तेवढीच हौस. माणसाची एक खूण ओढून आणली.

"हा तर गडी हाय, पँटवाला," त्या म्हणाल्या. "मला काय करायचंय त्याला?"

सॉफ्टवेअरात लुगडं नेसलेली बाई नव्हती. गडी काढून टाकला. डमरूही काढलं. आमच्याकडं व्हॉल्वला कुणी व्हॉल्व म्हणत नाही, चावी म्हणतात. लाइनमनसुद्धा म्हणतो, चावी सोडली. मग मी शोधाच्या चौकटीत 'चावी' टाकली, छान पितळी किल्लीचं चित्र आलं, तेच दोन्ही पाइपांवर बसवलं आणि स्वतःवरच खूष झाले. चित्र ऑफिसात छापून आणलं, मोटारीच्या वर चिकटवलं. आत्याबाईंकडून पाठही करून घेतलं, "आधी चावी, मग मोटार." चपला घालता घालता करून घेतलं. बस चुकत होती.

पुढचं पाणी आलं नेमकं ऑडिटच्या दिवशी. मी पाहुण्यांना भिंतीवरची आकृती समजावत होते. नापास माल, लाल बाण, वगैरे. फोन थरथरायला लागला, थांबेचना. शेजारीण होती. "लवकर ये गं बाई, तुझ्या मोटारीतून धूर निघालाय. सासू खाली बसून रडायलीय."

मी गेले. काय करणार होते? मॅनेजरांनी माझ्याकडं बघितलं.

घरी आले तर दाराला कुलूप. आत्याबाई मोटारीजवळ भिंतीला टेकून बसलेल्या, पदराच्या टोकाला गाठ, गाठीत घराची किल्ली. गल्लीतलं पाणी येऊन गेलेलं.

"तू म्हणलीस तसंच केलं गं," त्या म्हणाल्या. "आधी चावी. घराला नीट कुलूप घातलं, चावी घेतली. मग बटन दाबलं."

दोन्ही व्हॉल्व गच्च बंद. कोंडलेली मोटार जळून गेली होती. मला इतका संताप आला! आधी त्यांचा आला, मग चित्राकडं लक्ष गेलं. किल्ली. पितळेची, चकचकीत. त्यांच्या आयुष्यात चावी म्हणजे कुलपाचीच. नळच नव्हता तर नळाची चावी कुठून असणार? वर मी तसंच चित्र काढून दिलेलं.

"मला गावी सोड," त्या म्हणाल्या. "नुसतं नुसकान करायले मी."

"गावी काय आहे आत्याबाई? विहिरीत दगडं आहेत."

त्यानंतर दोन दिवस त्या जेवल्यासारखं जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगते, वाईट वाटायलाही अंगात त्राण लागतं, तेवढं उरलं नव्हतं.

मोटार दुरुस्त होऊन आल्यावर मी आकृती पुन्हा काढली. किल्ल्या काढल्या, आमचा पाइप लाल, भाडेकरूंचा निळा. फोनवर बघितली, उत्तम. छापली, तर रंगीत प्रिंटर बंद. दोन्ही पाइप सारखेच राखाडी. तो कागद हातात घेऊन मी घरी आले आणि चपलांसकट पायरीवर बसले. आत्याबाईंनी कागद उलटा-सुलटा करून बघितला.

"मेंढराला रंग मेंढराच्या अंगावर लावत्यात," त्या म्हणाल्या. "चित्राला लावून काय व्हतं?"

दारं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट माळ्यावर होता. आमच्या व्हॉल्वला त्यांनी तो स्वतःच्या हातानं फासला. मी बघत बसले.

त्यानंतर आठवडाभरात मॅनेजरांनी मला एक पेन्सिलीनं खरडलेला कागद दिला. बिडकीनच्या प्लांटची माणसांची आकृती. कोण कुणाच्या हाताखाली. "जरा नीट करून द्या. तुमचा हात चांगला आहे." मी बसले करायला. वर मोठे साहेब, त्यांच्याखाली तिघं, मग गुणवत्ता विभाग. एकेक नाव टाकत गेले, चौकोन एका ओळीत आणले, बाण जोडले. गुणवत्तेचा शेवटचा चौकोन झाला आणि कागद संपला. मी कागद पालटून बघितला. मागं काही नव्हतं.

मी कुठं आहे यात?

केबिनमध्ये जाऊन विचारलं. ते म्हणाले, "तुमचं काम चांगलंच आहे हो. पण पाण्यासाठी ऑडिट सोडून जाणारं माणूस मी तिकडं कसं नेऊ? इथलं बंद होईपर्यंत आहात तुम्ही." मग म्हणाले, फाइल फोनवर उघडेल अशी पाठवा. मी पाठवली. त्या दिवशी एकही अक्षर फुटलं नाही.

घरी जाताना बसमध्ये ठरवत होते, नवऱ्याला आधी सांगावं की आत्याबाईंना. गल्लीत शिरले तर रस्ता ओला. पाणी येऊन गेलं होतं.

आत्याबाई दारातच उभ्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, नखांत अजून तो लाल रंग. टाकी काठोकाठ, हंडे, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरलेली.

"एकटीनं केलं," त्या म्हणाल्या. "लाल सोडली, बटन दाबलं, वाहायला लागली तशी बंद. मग भाडेकरूंची बी भरली." इतकं हसताना मी त्यांना कळप विकल्यापासून पाहिलं नव्हतं. "आता त्या तुझ्या साहेबाला जाऊन सांग. म्हणावं, माझी सून आता पाण्यापायी सुट्टी मागायची नाय."

"व्हय, सांगते," मी म्हणाले.

आत जाऊन चहाला आधण ठेवलं. पातेलं भरून ठेवलं, पाणी भरपूर होतं.