बंद व्हॉल्व्हचं गेज

अडथळा सर कुणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून बघायचे. तहान लागलेली नसायची, हात धुवायचे नसायचे. धार बघायची, मान हलवायची, "पाइपाच्या वरच्या वळणात, एल्बोत, काहीतरी अडकलंय" म्हणायचं आणि मग बसायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी मला आत बोलावून विचारलं, "पाणीपट्टीवाले आहेत का गं?"

नाशिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी आम्हाला द्रवांचं वहन शिकवलं. पुढे मी तिथेच शिकवायला लागले, तरी त्यांच्या लेखी मी ‘पोरी’च. पाइप, कालवा, धमनी, सगळं त्यांना सारखंच. "रक्त काय आणि द्राक्षबागेचं पाणी काय, वाट अरुंद झाली की जोर वाया जातो," हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की पोरांनी त्यांचं नावच अडथळा सर ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

सुटीत ते आम्हाला दिंडोरीकडे एका जुन्या विद्यार्थ्याच्या बागेत न्यायचे. एकदा तो म्हणाला, "सर, गेजवर प्रेशर लय भारी हाय, पण शेवटच्या वेलीला थेंब नाय." सरांनी बघितलं तर तो गेज वाचत होता बागेचा व्हॉल्व्ह बंद ठेवून. "अरे बाबा, पाणी थांबलेलं असताना गेज गोडच बोलणार. पाणी पळू दे, मग बघ." व्हॉल्व्ह सोडल्याबरोबर फिल्टरच्या पलीकडचा काटा धपकन खाली आला. फिल्टर उघडला तर आत शेवाळाचा लगदा!

असा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र चक्क फसला. फसला कसला, आम्हालाच फसवत होता. रिटायर झाल्यावर ते संध्याकाळी काकूंबरोबर, म्हणजे त्यांच्या बायकोबरोबर, फिरायला जात, कधी मीही असे. थोडं चाललं की सर थांबणार आणि गटाराचं झाकण, गच्चीवरची टाकी, काय दिसेल त्यावर व्याख्यान सुरू. आम्ही म्हणायचो, सवयच ती! एकदा मात्र ते नुसत्या कोऱ्या भिंतीसमोर थांबले. बोलायला काही सापडेना, आणि हात पोटरीवर.

घरी गेल्यावर काकूंनी त्यांना धारेवर धरलं. तेव्हा कळलं, चाललं की पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं. काकूंचा चेहरा उतरला. सरांच्या थोरल्या भावाचा पाय असाच दुखत दुखत शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला होता.

"डॉक्टरांकडे जाऊन आलोय, सगळं ठीक आहे," सर म्हणाले.

"तिथे चालून दाखवलंत?" मी विचारलं.

"छे. बसलो होतो. बसल्यावर दुखत नाही, तेच सांगितलं."

माझं डोकंच फिरलं. "वा सर! आयुष्यभर काय शिकवलंत आम्हाला? बंद व्हॉल्व्हचं गेज दाखवून आलात की डॉक्टरांना!"

सर मग हळूच म्हणाले, "भीती वाटते गं पोरी. दादाला बघितलंय मी." त्यांच्यावर ओरडल्याचं मला फार वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घातलंच.

या खेपेला डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी घोट्याजवळचा रक्तदाब मोजला. फारसं काही दिसेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "चला सर, आता पोटरी दुखेपर्यंत व्हरांड्यात फेऱ्या मारा." फेऱ्यांनंतर पुन्हा मोजला, तर आकडा पार घसरलेला. मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झाली होती. "आलात ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "अंगावर काढलं असतं तर पायावर बेतलं असतं."

मोठ्या हॉस्पिटलात फुगा घालून ती वाट रुंद केली. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सरांच्या पावलावर बोटं टेकवली आणि काकूंना जवळ बोलावलं. "इथे हात ठेवा."

काकूंनी बोटं ठेवली, डोळे मिटले. मग बोटं जराशी सरकवली.

"लागतेय," त्या एकदम म्हणाल्या. "अहो, नाडी लागतेय!" आणि त्या पावलावरच कपाळ टेकून ढसाढसा रडायला लागल्या.

"इतकं दाबू नकोस गं, प्रवाह थांबेल," सर म्हणाले.