लंकाबाईच्या कोंबड्या आणि दुपारचा करंट

आमच्याकडे मुंगूस दिसलं की माणूस खूश होतो. कामाला निघताना दिसलं तर दिवसभर चारचौघांना सांगत सुटतो. लंकाबाईला ते रोज दिसायचं आणि तिच्या कोंबड्या कमी कमी व्हायच्या. सापळा लावू म्हटलं तर बाई अंगावर आली. "त्याला हात लावायचा न्हाई, भावजी. शकुनाचं जनावर हाय ते."

म्हटलं, मग वाढा त्याला ताट आणि बसा वारा घालत.

मी सहादेव. पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचं गाव. स्टँडवर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली, विहिरीवरची मोटार जळो नाहीतर पिठाच्या गिरणीची, ती माझ्याकडंच येते. माझं डोकं लवकर तापतं असं लोक म्हणतात. खरं आहे ते. पण काम पक्कं करतो, म्हणून ऐकून घेतात.

लंकाबाई माझ्या दोस्ताची, श्रीमंतची बायको. लग्न झालं त्या वर्षापासून दोघं ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो, घराला कुलूप लागतं, ते उन्हाळ्यात उघडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा नवरा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता म्हटलं की मुकादम नाक मुरडतो. अशी एकोणीस वर्षं गेली. यंदा आषाढातच बाईनं सांगून टाकलं, "मी न्हाई येनार. मला माझ्या घरात ऱ्हायचंय. कोंबड्या पाळीन, अंडी इकीन, पर आता फडात पाचटाच्या कोपीत झोपायचं न्हाई."

श्रीमंत काही वाईट माणूस नाही. पण मागच्या कोंबड्या मुंगसानं एकेक करून नेल्या, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. तो म्हणाला, "दसऱ्याला बजरंग मुकादम इचारायला येतो. तवर तुज्या कोंबड्या टिकल्या तर ऱ्हा घरी. न्हाई टिकल्या तर गुमान चल."

बाई तडक माझ्या दुकानात आली. मी नगरहून झटका मशीन आणलं. ते बॅटरीवर चालतं, वर सोलरची लहान प्लेट. पिकात डुकरं येऊ नयेत म्हणून लोक लावतात तेच. परसात खुराड्याभोवती बाभळीचे खुंट रोवले, तारा ओढल्या. सगळ्यात खालची तार जमिनीपासून चार बोटांवर, कारण मुंगूस काही उडी मारून येत नाही. एक वायर तारेला, दुसरी अर्थिंगच्या रॉडला. आता रॉड ठोकायला गेलो तर खाली निव्वळ मुरूम. हातभर गेला आणि अडला. आणखी दहा घाव घातले, ढिम्म हलेना. म्हटलं, पुरे झालं, कोंबड्यांचंच तर काम आहे.

पुढचे पंधरा दिवस काय सांगावं. भाद्रपदाचा पाऊस रोज येऊन जात होता आणि मशीन टकटक करत होतं. तुऱ्याच्या कोंबड्यानं एकदा तारेला चोच लावली, तर दोन दिवस तारेकडं पाठ करून आरवत होता. मी रोज दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडं चहाला जायचो. चप्पल काढायची, उलटा हात तारेला लावायचा, झटका खायचा, मग चहा प्यायचा. श्रीमंतलाही एकदा लावायला सांगितला. तो पायातली चप्पल न काढताच आला आणि म्हणाला, "कुठं काय लागतंय?" चप्पल काढायला लावली तेव्हा जे उडालं बेणं, की बाई पदरात तोंड खुपसून हसत होती.

गणपती गेले, त्यांच्यामागं पाऊसही गेला. आठवडाभर ऊन तापलं आणि एका दुपारी एक तलंग, अंड्याला आलेली कोवळी कोंबडी, गेली. दोन दिवसांनी दुसरी. तीही दुपारचीच.

मी सकाळी जाऊन हात लावला. झटका असा बसला की खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. म्हणजे मशीन चांगलं. तरी खोलून पाहिलं, बॅटरी बदलली, प्लेट पुसली, तारेला लागलेलं गवत उपटलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच सणसणीत झटका. आणि त्याच दुपारी तिसरी कोंबडी गेली. मग माझं डोकं फिरलं. मी लंकाबाईला म्हणालो, "वैनी, तुमीच बटन बंद करत असाल. झाडायला आत जाता, चालू करायचं इसरता."

ती चहाचा कप उचलून आत गेली. मला बोलल्याबरोबर वाईट वाटलं, पण माघार घ्यायची सवय नाही ना.

श्रीमंतनं तर निराळंच काढलं. संध्याकाळी वायरचं बंडोळं घेऊन दुकानात आला. "घरातली लाईट डायरेक्ट सोडू तारंला. बघू मंग कसं येतंय मुंगूस." मी ते बंडोळं त्याच्या हातातून हिसकून फळीवर फेकलं. म्हटलं, झटका मशीन क्षणभर झटका देतं आणि सोडतं, जनावर भिऊन पळतं. घरातली लाईट धरून ठेवते. उद्या तुझी बायको त्या तारेला चिकटलेली सापडेल, मग घरी राहायचा प्रश्नच मिटला. श्रीमंत खाली बसला. म्हणाला, "आरं, आठ दिवसांवर दसरा हाय. ती हरनार, आन् मलाच तिला ट्रॅक्टरात बसवावं लागनार. मला बरं वाटतंय व्हय?" हे मात्र मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, त्याला ती हरायलाच हवीये.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. तीन मोटारी उघड्या पडलेल्या, गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली, आणि लंकाबाई उन्हातून अनवाणी चालत आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "भावजी, तुमचा करंट सकाळचाच असतो. दुपारी झोपतो."

गिऱ्हाइकं हसली. मी म्हटलं, वैनी, करंट काय सरकारी नोकर आहे का. तर ती शांतपणे म्हणाली, "आज मी बाजरी निवडत शेवग्याखाली बसले हुते. मुंगूस आलं, तारंखालून अंग घासून आत गेलं. त्याला काईच झालं न्हाई. मी ओरडले तवा पळालं. मंग मी तार मुठीत धरली. नुसती गुदगुली. बटन चालू हुतं, आवाज येत हुता."

मुठीत धरली म्हटल्यावर मी पक्कड टाकून उठलोच. तिच्याबरोबर परसात गेलो, चप्पल काढली, हात लावला. खरंच, मुंगी चावल्याएवढंही नाही. मशीन टकटक करत होतं. मी खाली बसून मशीनकडं बघत राहिलो. तेवढ्यात ती म्हणाली, "सकाळी तुमी येता तवा माजा सडा झालेला असतो."

एवढंच बोलली. मी रॉडच्या बुडाची माती चाचपून पाहिली.

रोज पहाटे उठून बाई अंगणापासून परसापर्यंत शेणपाण्याचा सडा घालते. कुठल्याही घरातली बाई घालते. मी यायच्या वेळी जमीन ओली गार, रॉडच्या बुडालाही पाणी गेलेलं. दहा वाजेपर्यंत मुरूम कोरडा ठणठणीत. जनावर तारेला लागलं तरी करंटला जमिनीतून परत यायला वाट नको का? ती वाट पाणी करतं. लोकांच्या मोटारींना अर्थिंग करताना मी खड्ड्यात मीठ घालतो, कोळसा घालतो, मालकाला बजावतो की रोज बादलीभर पाणी ओत. आणि इथं हातभर रॉड ठोकून रोज ओल्या जमिनीवर उभा राहून स्वतःची पाठ थोपटत होतो. वर त्या बाईलाच बोललो. लाज वाटली, खरं सांगतो. "चुकलं माझं," म्हणालो. हे वाक्य रुपालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ऐकलं असतं तर गावभर पेढे वाटले असते.

रॉड उपटला. न्हाणीचं पाणी जिथं अळूत जातं, तिथली माती बारा महिने काळी आणि ओली. तिथं दुसरा, पुरुषभर लांबीचा रॉड लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला. शिवाय खालच्या तारेच्या दोन बोटं खाली आणखी एक उघडी तार ओढली आणि ती रॉडला जोडली. आता मधून घुसणाऱ्याचं अंग दोन्ही तारांना लागणार, जमीन कोरडी असली तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीमंतलाही बोलावलं आणि आम्ही तिघं शेवग्याखाली बसलो. दोनच्या सुमारास पाहुणा आला. नाक पुढं केलं, मान आत घातली, आणि हातभर उंच उडाला. बांधापर्यंत पळाला, तिथं बसून दोन्ही पायांनी नाक चोळत आमच्याकडं असा बघत होता की जेवायला बोलावून हाकलून दिलंय. लंकाबाईनं त्याला हात जोडले. श्रीमंत इतका हसला की त्याला ठसका लागला.

दसऱ्याला बजरंग मुकादम आला. श्रीमंतनं त्याला चहा दिला, परसात नेलं, एकतीस कोंबड्या दाखवल्या आणि म्हणाला, "यंदा माजा अर्धा कोयता. मी आन् अंगद मिळून एक धरा." अंगद त्याचा धाकटा भाऊ. बजरंगनं नाक मुरडलं, पण वहीत लिहून घेतलं.

दिवाळी झाली, ट्रॅक्टर आला. बाईनं भाकरी बांधून दिल्या, श्रीमंतला तीन वेळा तेच तेच सांगितलं, पाणी उकळून पी, रातचं उघड्यावर झोपू नको. त्यानं तीनही वेळा व्हय म्हटलं. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावरही ती रस्त्यातच उभी होती. मला वाटलं रडते की काय. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आता काय, आराम आहे वैनी.

तिनं डोळे पुसले आणि जरा लाजत विचारलं, "भावजी, आपल्या गावात संक्रांतीला बाया सुगडं घिऊन ववसायला कुटं जमत्यात? मी कदी हिथं नव्हतेच ना."

एकोणीस वर्षं नांदलेली बाई. मी म्हटलं, मारुतीच्या देवळात जमतात, दहाच्या सुमाराला. रुपाली येईल तुम्हाला न्यायला.