दातानं कुनी मरतंय व्हय?

शाळेत मधल्या सुट्टीत दाजींचा चुलतभाऊ आला आणि दारातच उभा राहिला, तेव्हाच मी मुलांच्या तपासायच्या वह्या बाजूला ठेवल्या. "वैनी गेल्या," तो म्हणाला. मी विचारलं, "कशानं?" त्यानं मान खाली घातली. "दाताचं निमित झालं बगा." या गोष्टीला महिना होत आला. भेटायला येणारा जो तो मला एकच विचारतो... दातानं कुनी मरतंय व्हय? मरतं. माझी थोरली बहीण मेली.

आक्काला ताडकळसजवळच्या खेड्यात दिलं होतं. घर खातंपितं, जमीन काळीभोर, पण बायकांना बसायची चोरी. दिवसभरात टेकायचं ते एकदाच, सकाळी मागच्या दाराशी, मिसरी लावताना. भाजलेल्या तंबाखूची ती पूड हिरड्यांना घासत बसलेल्या बाईला कुणी काम सांगत नसे. तोंड भरलेलं असलं की ओ देता येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना मान्य होतं. माहेरी राखुंडीनं दात घासणारी आक्का लग्नानंतर वर्षाच्या आत मिसरी शिकली. आम्ही तिला चिडवायचो, तीही काळे दात दाखवून हसायची.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पहिल्यांदा धुमसली, त्या वर्षी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी तिला परभणीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस, नीट समजावून सांगितलं. म्हणाले, हिरडी दाताला नुसती टेकलेली नसते, तिनं दात धरलेला असतो. काठावरच्या पेशी दाताला चिकटून असतात. जुन्या झडतात, नव्या येतात, पण धरलेलं सुटू देत नाहीत, म्हणून तोंडातली घाण खाली उतरत नाही. ती पकड सुटली की फट पडते आणि पू थेट हाडापर्यंत जातो. मिसरी आजपासून बंद. आक्कानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मिसरी सोडू मंता? मंग बसू कवा?" डॉक्टर हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

तरी तिनं सोडली. थोड्याच दिवसांत रक्त थांबलं. मी गेले तेव्हा ओठ वर करून मला म्हणाली, "बग, धरलंय का न्हाई?" किती खूश होती! पण रिकाम्या तोंडानं बसलेली सून त्या घराला बघवेना. ती टेकली की हाक, टेकली की हाक. मी तिच्या सासूला म्हटलं, तिला घडीभर तशीच बसू द्या की. म्हातारी म्हणाली, "बसायला कोन नको मंतंय, बाई? तिलाच बसवत न्हाई." सगळे हसले. आक्कानं पुन्हा मिसरीची डबी काढली.

पंधरा वर्षं अशीच गेली. या हिवाळ्यात तिचा जबडा सुजला, सूज गळ्यात उतरली, ताप चढला. घरच्यांनी लवंग दिली, विटेचा शेक दिला. दाजी म्हणाले, "गाड्या बंद हायत, सुरू झाल्या की नेतो." खरं होतं, नामांतर शेवटी झालं, त्या गडबडीत एसटी बंद होती. पण दाजींची मोटारसायकल त्याच दिवशी साखर कारखान्यावर जाऊन आली, उसाला तोड, म्हणजे तोडणीची पाळी, मिळवायला. तोड मिळाली. दुसऱ्या दिवशी गळा कोंडून आक्का गेली. गेलं ते गेलं, मनात ठेवू नको, असं लोक मला सांगतात. मी ठेवणार.

तेराव्याला गेले होते. सकाळी मागच्या दाराशी आक्काची सून बसलेली, नवीनच लग्न होऊन आलेली पोरगी, गाल फुगलेले. माझं डोकंच फिरलं. "थुक ते! आधी थुक!" मी ओरडले. ती घाबरून थुंकली. मातीत पाणी पडलं, स्वच्छ पाणी.

"मिसरी न्हाई, मावशी," ती हळूच म्हणाली. आक्काला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाईंनीच शिकवलंय. मनल्या, माजी तलफ आता सुटत न्हाई, तू पानी धरून बस. तोंड भरलेलं दिसलं की कुनी बोलत न्हाई."

आतून म्हातारीची हाक आली. पोरीनं तांब्या उचलला, तोंडात पाणी भरलं आणि भिंतीला पाठ टेकून बसून राहिली.