पेंट शॉपवाल्याची साक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता का सांगतोय? जाऊ दे — कारण-बिरण काही नाही. दमलोय, एवढंच.

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत माझी सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्या रंगवायच्या खात्यात गेली. त्यामुळे पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीत मला मान. ग्रिल गंजलं, भिंतीला ओल आली, की विचारा भाऊंना! मलाही ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या मजल्यावर सुनंदाताई भाड्यानं राहायच्या, लेकीला घेऊन. भोसरीच्या वर्कशॉपात थिनरनं पार्ट पुसून पुसून त्यांना वासच सोसेनासा झालेला. फिनेल, रंग, झुरळांचं औषध — काहीही असो, दम कोंडायचा. त्यांनी सोसायटीकडे अर्ज दिला. मागणं केवढं? फवारणी, रंगकाम असेल तर दोन दिवस आधी सांगा, मी दापोडीला बहिणीकडे जाईन. बस्स.

मीटिंगमध्ये लोक हसले. नाटकं म्हणाले. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले, “भाऊ, तुम्ही एवढी वर्षं रंगात काढलीत. असं होतं का खरंच?”

होतं का? अहो, मलाच होत होतं! शिफ्ट सुटली की छातीत शिट्टी वाजायची. कंपनीच्या मेडिकलआधी मी दरवर्षी चार दिवस गावाला पळायचो, म्हणजे तपासताना छाती मोकळी लागेल. पण समोर कंपनीतले, माझ्याच लाईनवरचे दोघं बसलेले. मी — मी म्हणालो, “छे! आम्हाला कधी काही झालं नाही. मनाचे खेळ असतात.”

अर्ज नामंजूर झाला. आठवड्याभरात न सांगता फवारणी झाली. ताई जिन्यात बसलेल्या दिसल्या, धाप लागलेली, लेक पाठ चोळतेय. मी लिफ्टनं वर गेलो. हो, गेलो.

पुढं घरमालकानं कटकट नको म्हणून ॲग्रीमेंट वाढवलं नाही. लेकीचं दहावीचं वर्ष. जायच्या दिवशी ताई माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, “भाऊ, लिफ्ट बंद असायची तेव्हा जिन्यात तुमची छाती ऐकलीय मी. तुम्हालाही होतं ना?”

“मग माझं हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?” एवढंच मला सुचलं.

“तुमची नोकरी गेली असती.”

नोकरी राहिली. पार रिटायर होईपर्यंत राहिली. आणि त्या दिवशी मायलेकी दोघीच टेम्पो भरत होत्या, तेव्हा मी दार लावून घेतलं.