बोगदामिस्त्री

मामा इंजिन दातांनी ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ दाढांखाली धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू यायचं. मिनिटभराने ते मूठ तोंडातून काढून सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचं बेरिंग गेलंय," आणि इंजिन उघडल्यावर नेमकं तेच निघायचं. कानांनी मात्र त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. द्रुतगती मार्गाचे बोगदे खोदले जात होते तेव्हा ते खंडाळ्याच्या बाजूला डिझेलच्या कॉम्प्रेसरवर कामाला होते. डोंगराच्या पोटात त्या आवाजाशेजारी त्यांनी काही वर्षं काढली. बोगदा आरपार झाला तोवर यांचे दोन्ही कान गेलेले. म्हणून त्यांचं नाव बोगदामिस्त्री. "गावाचं नाव कान्हे, आन् मिस्त्रीला कान न्हाईत," हा विनोद गावात सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच केला असेल.

ते नात्याने माझे कुणी नव्हते. मूळचे माझ्या आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. मी तळेगावातून लग्न होऊन कान्ह्यात आले तेव्हा ते घरी येऊन मला साडी देऊन गेले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, काय लागलं तर हाक मार. मला ऐकू येणार न्हाई, तवा घरी येऊन मार." त्यांना हळू बोलता येत नसे. स्वतःचाच आवाज कळत नसल्यामुळे ते सगळ्यांशी बोगद्याच्या त्या टोकाला उभं असल्यासारखे बोलायचे. आपण काही सांगायला गेलो की हनुवटीला धरून आपलं तोंड फिरवायचे. "उजेडाकडं तोंड कर, मग बोल." ओठ वाचायचे ते, आणि फार क्वचित चुकायचे.

त्यांच्याकडे गाडी टाकणाऱ्याला आणखी एक वाक्य पाठ असायचं. कुणी म्हणालं, "मिस्त्री, जरा घाईत आहे," की ते हातातला पाना खाली ठेवायचे. "घाई आसंल तर उद्या ये." माणूस चरफडत जायचा आणि उद्या यायचाच.

आमचं गुलाबाचं पॉलिहाउस आहे. माझा नवरा, दिलीप, तळेगावच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि फुलांचं मी बघते. पिकअपही मीच चालवते. लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांना फुलं द्यायची, उरलेली पुण्याच्या फूलबाजारात. बाई पिकअप चालवते याची गावाला सवय झाली, दिलीपला पुरती झाली नव्हती. गाडीला ओरखडा आला तरी तो एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा.

त्या वर्षी जानेवारीच्या मध्यावर खंडाळ्याच्या चढावर गाडी तापली. काट्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. पाणी कधीच गळून गेलेलं. इंजिन एकदा कर्रर्र करून जाम झालं ते झालंच. गाडी ओढून घरी आणली. मामांनी डोकं आत घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "हे आता मापात येणार न्हाई. दुसरं टाकाया लागंल."

व्हॅलेंटाइन डेसाठीची, फेब्रुवारीतली गुलाबांची मोठी तोड तीन आठवड्यांवर होती. वर्षभर झाडं सांभाळायची ती त्या आठ-दहा दिवसांसाठी. त्या दिवसांत मावळात भाड्याचं एक वाहन मिळत नाही, सगळी गुलाबांनी भरलेली असतात. आमच्या गाडीचं तसंच इंजिन जवळपास कुठे मिळेना. मामा म्हणाले, दुसऱ्या कंपनीच्या टेम्पोचं बसवू, इथेच, तुमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये.

दिलीप मला आत घेऊन गेला. "ज्या माणसाला इंजिनाचा आवाज येत न्हाई, तो दुसऱ्याच गाडीचं इंजिन आपल्या गाडीत बसवणार?"

"त्यांना कळतं."

"बघ. तुझ्या हट्टावर करू. पण फसलं तर गाडी विकायची, आणि गाडी चालवणं बंद. मी माणूस ठेवीन." तो चिडून बोलला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. आरटीओच्या कागदांसाठी मात्र सुट्टी टाकून तोच चकरा मारत राहिला.

मामांची अट एकच होती. "मी आन् ही पोर, दोघंच हात लावणार. आन् मला दावल्याबिगर हिनं बी काय करायचं न्हाई."

भंगारवाल्याकडे त्यांनी जमिनीवर ठेवून चालू केलेली दोन इंजिनं दातांनी ऐकून नाकारली आणि तिसरं घेतलं. ते आमच्या गिअरबॉक्सला जुळेना. फुलांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून मामांनी मधल्या पट्टीचा नमुना केला, पुन्हा कापला, पुन्हा केला, मग लेथवाल्याकडून तसाच लोखंडी करून आणला. इंजिन ज्यावर बसतं ते पाय नव्याने वेल्डिंग करून घेतले. गाडीचं तोंड शेडच्या भिंतीकडे होतं, बॉनेट काढून बाजूला ठेवलेलं. वरच्या तुळईला चेनपुली लावून आम्ही ते धूड इंचाइंचाने खाली सोडलं. ते गाडीखाली असले की माझं बोलणं त्यांना दिसायचं नाही आणि ऐकू तर यायचंच नाही, म्हणून आमची हातांची भाषा ठरली होती. मूठ म्हणजे थांब. पालथा पंजा म्हणजे हळू. गिअर तपासताना ते खालून हात बाहेर काढून बोटं दाखवायचे, जितकी बोटं तितवा गिअर मी टाकायचा. बोल्ट हाताने चार आटे फिरल्याशिवाय पाना लावू द्यायचे नाहीत. तोड सुरू व्हायला चार दिवस उरले तेव्हा रात्री मला जेवण जाईना, आणि त्यांचे चार आटे काही तीन होईनात.

चालू करायचा दिवस ठरला. सकाळी मामा एक नळी आणायला कामशेतला गेले होते. दिलीप त्या दिवशी घरीच होता आणि दर पाच मिनिटांनी शेडमध्ये डोकावत होता. "झालं का?" मी म्हणत होते, होईल. कोपऱ्यात इंजिन तेलाचा भरलेला डबा दिसला. आदल्या दुपारी मामा म्हणाले होते, तेल आजून वतायचं हाय. मला वाटलं, तेवढं तरी उरकून टाकावं. मी पूर्ण डबा ओतला. मी घरात गेल्यावर संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या डब्यातलं तेल घालून झालं होतं, हे मला माहीत नव्हतं. तेल मोजायची पट्टी काढून पातळी बघायचं सुचलं नाही. मामा आले तेव्हा दिलीप उभाच होता, आणि मी त्यांना काही सांगितलं नाही.

मी गाडीत बसले. मामा गाडीपुढे, बंपर आणि भिंत यांच्यामध्ये उभे राहिले. त्यांनी अंगठा वर केला, मी चावी फिरवली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. दिलीप हसला सुद्धा. मग आवाज चढायला लागला. माझा पाय पेडलवर नव्हता. आवाज चढतच गेला, शेडचे पत्रे थरथरायला लागले, मागून पांढरा-निळा धूर लोटला. मी चावी बंद केली. काही फरक पडला नाही. चावी काढून हातात घेतली तरी इंजिन किंचाळत होतं. आता ते डिझेल नव्हे, जास्तीचं तेल ओढून पळत होतं, पण हे मला तेव्हा कुठे कळायला?

दिलीप दारातून ओरडत होता. त्याचं तोंड उघडताना दिसत होतं, शब्द एकही नाही. असं इंजिन फुटलं तर लोखंडाचे तुकडे पत्र्याबाहेर जातात. मामा पळाले नाहीत. फुलं कापायची लाकडी फळी उचलून त्यांनी हवा ओढायच्या नळीच्या तोंडावर दाबली. आवाज जरा बसला, पुन्हा चढला. मधल्या जोडातून हवा जात होती. एका हाताने फळी दाबून त्यांनी दुसरा हात माझ्यासमोर धरला.

पाच बोटं.

पाचवा गिअर टाकायचा, ब्रेक जीव खाऊन दाबायचा आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. पण ब्रेक कमी पडला तर गाडी पुढे जाणार होती, आणि पुढे मामा होते, त्यांच्यामागे भिंत. मी हाताने त्यांना बाजूला व्हा म्हणून खुणावलं. त्यांनी मान हलवली. फळी सोडली की सगळं संपत होतं. पुन्हा पाच बोटं, या वेळी माझ्या डोळ्यांत बघून.

मी गिअर टाकला. ब्रेकवर उभी राहिले. क्लच सोडला.

गाडीने हातभर उडी घेतली आणि मेली. शेडमध्ये असा शुकशुकाट झाला की पत्र्यावरून पडणारी धूळ ऐकू आली. मामांचा डावा गुडघा बंपर आणि भिंतीत सापडला होता. हात अजून फळीवरच दाबलेले. ते माझ्याकडे बघत मोठ्यांदा म्हणाले, "हाताला मुंग्या आल्यात, काय कळंना. बंद झालं का?"

आम्ही गाडी मागे ढकलून त्यांना बाहेर काढलं. दिलीप पुढे आला. "कशानं झालं हे? कुणी काय केलं?" त्याने माझ्याकडे बघितलं.

मामा खोक्यावर बसले होते. त्यांनी तेलाची पट्टी मागितली. पुसली, बुडवून घेतली, बघितली. मग कोपऱ्यातल्या दोन रिकाम्या डब्यांकडे बघितलं, आणि माझ्याकडे. मी ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. मी हलवले नाहीत.

"डिझेल पंप," ते आळीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आतली दांडी आडकली. माझ्या हातची चूक. वय झालं दिलीपराव."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले, गुडघ्याला हळद बांधून. जादा तेल काढलं, पंप उघडल्यासारखं केलं, पुन्हा बसवला. इंजिन चालू झालं आणि शांत चालत राहिलं. तोडीच्या पहिल्या दिवशी मी गुलाब भरून पुण्याला गेले.

मामांची ती कबुली मात्र गावभर गेली होती. बोगदामिस्त्रीच्या हातून इंजिन सुटलं, मिस्त्री आता थकला, असं कामशेतच्या नाक्यापर्यंत बोललं जायला लागलं. त्यांच्या दारात उभ्या असणाऱ्या गाड्या पाच होत्या त्या दोन झाल्या, मग कधीकधी एकही नसायची. मी रोज तिथून जायचे आणि रोज ठरवायचे, आज सांगू. पाडवा झाला तरी सांगितलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी समोर उजेडात बसले आणि एकेक शब्द नीट उच्चारला. "मामा, तेल मी ओतलं होतं. तुम्हाला न दाखवता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "ऐकू न्हाई आलं," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. "न्हाई आलं पोरी. च्या घे."

त्या संध्याकाळी मी दिलीपला सांगितलं.  त्याने विचारलं, "आणि तो गुडघा?"  गाडी विकायचा विषय त्याने काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः पिकअप घेऊन नाक्यावर गेला आणि चहाच्या टपरीवर ड्रायव्हरांच्या घोळक्यात सांगितलं, की चूक आमच्या घरची होती, मिस्त्रीची नव्हे. माझा नवरा चार माणसांत आपल्या घरचं कधी बोलत नाही. त्याने हे केलं.

काही गिऱ्हाइकं परत आली. पण गुडघा बरा झाला नाही, खाली बसून काम करणं जमेना, आणि पावसाळ्यात छातीचं दुखणं निघालं. आम्ही दोघं भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. दिलीप त्यांच्या पाया पडला. माफी मागायला म्हणूनच आला होता.

मामाच बोलले, नेहमीच्याच आवाजात. "मी म्होरं हुबा व्हतो, तरी हिनं क्लच सोडला. माझ्या पोटच्या पोरानं सोडला नसता, रडत बसला आसता. मला ऐकू येत न्हाई त्याचं काय न्हाई, दिलीपराव. पर त्या दिवशी माझं कुनीतरी ऐकलं." मग माझ्याकडे वळून, "गाडी सोडू नको."

भाद्रपदात ते गेले. मी तेव्हा बाजारात होते. गणपतीमुळे फुलांची गर्दी, फोन गाडीतच राहिलेला. फुलं उतरवून बघितलं तर दिलीपचे कितीतरी फोन येऊन गेले होते. कान्ह्यात पोचले तेव्हा स्मशानातून माणसं परतत होती.

मामी ओसरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनीच माझा हात हातात घेतला.

"पहाटं जागे झालते," मामी म्हणाल्या. "मला इचारलं, पोरीची गाडी गेली का? मी दिव्याकडं तोंड करून म्हनलं, व्हय, आत्ताच गेली. मग कूस बदलली, आन् निवांत झोपले."