अमरावतीऐवजी फ्लोरेस

हल्ली ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमधली मंडळी उठसूट ग्वाटेमालाला जातात आणि परत आल्यावर मला तिथल्या तळ्यातल्या फ्लोरेस बेटाचे फोटो दाखवतात. मी नुसतं छान म्हणतो. ऐंशीच्या दशकात मी तिथे जाऊन आलोय, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहितो. जाणाऱ्यांना थोडी माहितीही मिळेल.

त्या वर्षीची दोन आठवड्यांची सुट्टी अमरावतीसाठी राखून ठेवली होती, कारण आई आजारी होती. एप्रिलअखेर दादाचं पत्र आलं. आईची तब्येत सुधारते आहे, एवढ्या उन्हात येण्याची घाई करू नये. नलू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तरी जाऊन येऊ या ना." मी म्हटलं, "अगं, दादाच नको म्हणतोय." ऑफिसातल्या एकाने तळ्यातल्या या बेटाचं फार कौतुक केलं होतं. आठ दिवसांत आमची तिकिटं हातात होती.

ह्यूस्टनहून ग्वाटेमाला सिटी आणि तिथून एक खडखडणारं छोटं विमान. रस्त्याने जाऊ नका असं सगळ्यांनी बजावलं होतं. देशात यादवी चालू होती आणि वाटेत जागोजागी लष्कराची नाकी. विमान सांता एलेनाला उतरतं. तिथून मातीचा बांध ओलांडला की फ्लोरेस. गाव एवढंसं, की रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासात फेरी पूर्ण होते.

त्या वर्षांत तळं फुगलं होतं. काठच्या गल्ल्या पाण्यात, त्यांवर फळ्या टाकलेल्या, आणि लोक वरच्या मजल्यावर राहायला गेलेले. स्पॅनिश लोकांपुढे सगळ्यात शेवटी पडलेलं माया लोकांचं राज्य ते हेच. त्यांची देवळं पाडून टेकाडावर चर्च उभं केलंय. माया काळातलं काही बघायचं तर टिकालला जावं लागतं. पहाटेची बस पकडा, डबा बरोबर घ्या. खोली आठ डॉलरला मिळाली. जेवायला तळ्यातला पांढरा मासा, काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याच्या गरम पोळ्या. चौकात बंदूकवाले सैनिक उभे असायचे, तरी मी मजेत होतो. कबूल करतो.

चौथ्या दिवशी घरमालकीण एल्विराबाई नलूशी बोलत बसल्या. नलू ह्यूस्टनच्या दवाखान्यात काम करून स्पॅनिश शिकली होती. बाईंच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी सैनिकांनी घरातून उचलून नेलं, तो परत आला नाही. वर गॅलरीत त्यांची म्हातारी आई बसायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं. नातू मेक्सिकोत कामाला आहे असं सांगून बाई दर महिन्याला त्याच्या नावाने स्वतःच पत्र लिहायच्या आणि तिला वाचून दाखवायच्या.

"मग काय करू?" बाई म्हणाल्या. "तिला जेवण तरी जातं."

खोलीत आल्यावर नलूने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "अहो, दादांच्या पत्रात शेवटी आईंच्या ओळी होत्या ना?"

दादाच्या प्रत्येक पत्राखाली आई स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायची. खुशाली, आशीर्वाद, बस.

"होत्या," मी म्हटलं.

नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सांता एलेनाच्या टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथल्या बाईने वही उलटीपालटी केली आणि भारत इथून लागत नाही, राजधानीतून बघा, असं सांगितलं. विमान तीन दिवसांनी होतं. ते तीन दिवस मी बुडालेल्या पायऱ्यांवर बसून काढले. इतकं सुंदर पाणी मला नंतर कधी दिसलं नाही आणि ते बघवतही नव्हतं.

राजधानीत विमान बदलायला जेमतेम वेळ मिळाला, म्हणून घरी पोचल्याबरोबर अमरावतीला फोन लावला. दादाकडे फोन नव्हता, शेजारच्या काकूंनी त्याला बोलावून आणलं.

"आई गेली रे," तो म्हणाला. "आज नववा दिवस. तार केली, तुझ्या घरी कुणी नव्हतं."

मी भडकलो. "सुधारते आहे असं का लिहिलंस मग?"

"तिनंच लिहायला लावलं. म्हणाली, त्याची नोकरी आहे, उगाच धावपळ नको."

तो रडत होता. मीही.

"मी म्हटलं, निदान खाली तुझ्या ओळी तरी लिही. पेन हातात दिलं. तिनं परत ठेवलं. म्हणाली, नाही लिहीत. माझं अक्षर नाही दिसलं की तो काय ते समजेल. येईल."

फ्लोरेस चांगलं आहे. थंडीत जा, पाणी आता उतरलंय म्हणतात. नलू मला शेवटपर्यंत म्हणायची, तुम्हाला कुठे माहीत होतं? मी तिला तसंच म्हणू दिलं. पण दादाचं पत्र मी दोनदा उलटून पाहिलं होतं, आणि घडी घालून खिशात ठेवल्यावरच तिला म्हटलं होतं, दादाच नको म्हणतोय.