तेलोबा खरा होता

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नातवंडांना तेलोबाच्या गोष्टी सांगितल्या, पण त्या कुणाच्या हे कधी सांगितलं नाही.

महायुद्ध संपलं त्या सुमारास मी कडेगावजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. गावातला एक शिपाई इराणातून परतला होता. शनिवारी शाळा सुटली की तो पोरांना पायरीवर बसवून तेलोबाची गोष्ट सांगायचा. तेलोबा म्हणजे डिझेलवर चालणारं आगगाडीचं इंजिन. तो कोळसा खात नसे, तेल पीत असे. दमलेल्या म्हाताऱ्या इंजिनाला मागून रेटा देऊन डोंगर चढवी. बोगद्यातून बाहेर पडला की विचारी, "कुणाला ठसका तर लागला न्हाई न्हवं?" पोरं एका सुरात 'न्हाई' म्हणत.

गोष्टी मलाही आवडत. पण इंजिन मनचंच असणार असं मी धरून चाललो होतो. टाकारी स्टेशनात गाडी यायची ती धूर ओकतच.

मग तपासणीला डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब आले. आगगाडी कशावर चालते, असं त्यांनी तिसरीला विचारलं. सगळा वर्ग म्हणाला, तेलावर. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही शिकवता?"

मी म्हणालो, गावातला एक शिपाई थापा मारतो. साहेबांचा शेरा लिहून व्हायच्या आत मी त्याला उसाच्या पाण्यावरून बोलावून घेतलं. चिखलाच्या पायांनीच तो आला. हे खोटं आहे असं पोरांना सांगा, म्हणालो.

"आवं मास्तर, इराणात म्या त्येच्या मागच्या डब्यात बसून आलोय. खोटं कसं म्हणू?"

"माझी नोकरी जाईल," मी हळूच म्हणालो.

तो पोरांकडे वळला. "मास्तर म्हणत्यात त्ये खरं. तेलोबा न्हाई. म्या थाप मारली."

मी कायम झालो. तो शाळेकडे पुन्हा फिरकला नाही. लढाईत मेलेल्या दोस्ताची आठवण काढली तरी गावातली माणसं विचारत, "ह्यो बी तेलोबाच का रं?" हळूहळू त्यानं लढाईचं बोलणंच सोडलं.

बऱ्याच वर्षांनी मिरजेच्या स्टेशनात मी डिझेलचं इंजिन पाहिलं आणि तशीच एसटी धरून त्याच्या घरी गेलो. तो अंगणात शेंगा फोडत बसला होता. त्यानं चहा सांगितला.

"मिरजंला आलंय म्हणं त्ये. बघितलं न्हवं, मास्तर?"

"बघितलं," मी म्हणालो.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी उसाचं विचारलं, चहा प्यालो आणि उठलो. पुढच्या वर्षी तो गेला.

त्या दिवशी म्हणायचं होतं ते एवढंच: तुम्ही खरं बोलत होता. माझ्यासाठी तुम्ही पोरांपुढे खोटे ठरलात. मला माफ करा.